पेटीतल्या चौदा गोळ्या

२६ जानेवारी २००१, शुक्रवार

बल्ब हलला!

पोहे परतत होते. वर पाहिलं तर स्वयंपाकघरातला बल्ब वायरीसकट डोलतोय. इंजिनाचा आवाज नाही, डब्यांची धडधड नाही. हे दाढी करत होते. "शंटिंग चाललं असेल," म्हणे. सतरा वर्षं रेल्वेच्या क्वार्टरात, यार्डाला लागून राहतेय मी. शंटिंगचा हादरा आधी कानात येतो, मग पायात. हा नुसता पायातच आला.

गॅस बंद केला, आत्याबाईंचा, म्हणजे सासूबाईंचा, दंड धरला आणि त्यांना अक्षरशः ओढत मैदानात आणलं. मी अनवाणी, हातात उलथणं. झेंडावंदनाला जमलेली सगळी कॉलनी माझ्याकडे बघतेय. मागून हे आले, अर्ध्या गालाला साबण. "शालू, चल घरात. पोहे थंड होतील." सगळे हसले. मीही हसले, काय करणार!

दुपारी टीव्हीवर भुज दाखवायला लागले. मग कोणी हसलं नाही.

२८ जानेवारी

दोन दिवस टीव्हीसमोरून उठले नाही. ते ढिगारे, त्यावर बसलेल्या बायका. आमच्या किल्लारीतल्याच वाटतात, फक्त पदर उलट्या खांद्यावर. आठ वर्षं होत आली. दादा, म्हणजे वडील, आई आणि धाकटी बहीण कमल. तिघांना एकाच दिवशी अग्नी दिला.

नीरज म्हणाला, "मम्मी, चॅनल बदलू?" दहावीचं वर्ष आहे पोराचं, त्याला वाटतं मला त्रास होतो. होतोच. पण बघितलं नाही तर जास्त होतो.

ठरवलं. ह्या घरात पेटी करायची. पाणी, खाणं, औषध, कपडे, कागद, सगळं पंधरा दिवस पुरेल एवढं. तहान लागल्यावर विहीर खणायची नाही.

ह्यांना सांगितलं तेव्हा वाटलं थट्टा करतील. नाही केली. मालगाडीचा ड्रायव्हर माणूस, संध्याकाळी शेडमधून जुनी लाईन पेटीच घेऊन आले — ड्यूटीवर इंजिनात नेतात ती लोखंडी पेटी. कोणीतरी रिटायर झालेल्याची. घासली, काळा रंग दिला. म्हणाले, "ड्रायव्हरच्या पेटीचा एकच नियम. वस्तू जिथली तिथे. डोळे मिटून हात घातला तरी हवी ती सापडली पाहिजे." मला बरं वाटलं. फार बरं वाटलं.

४ फेब्रुवारी, रविवार

पेटी भरली.

भाजलेले चणे, गूळ, शेंगदाणे, मठरीचा डबा. मठरी जयपुरात मिळते तशी कुठे मिळत नाही, महिनाभर हूं की चूं करत नाही. पाण्याचे दोन कॅन, तुरटी. टॉर्च, सेल वेगळे काढून. काडेपेटी फिल्मच्या रिकाम्या डबीत. मेणबत्त्या, दोरी, ताडपत्री, ह्यांच्या जुन्या लाल झेंडीचं कापड, शिट्टी. रेशनकार्ड आणि बाकी कागदांच्या झेरॉक्स प्लॅस्टिकच्या पिशवीत. चार जणांच्या चार पुरचुंड्या, प्रत्येकीत कपड्यांचा एक जोड. झाकणाच्या आतून पुठ्ठा चिकटवला, त्यावर यादी. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी पेटी उघडायची, जुनं खायला काढायचं, नवं भरायचं.

आत्याबाई ओट्यावर बसून सगळं बघत होत्या. "भूकंपाला जेवायला बलिवलंस का काय?"

सगळ्यांना बजावलं, रोजची जी औषधं असतील ती पंधरा दिवसांची आपापल्या पुरचुंडीत टाका. घरी परत जाताच आलं नाही तर? दुकानं पडली तर? नीरजने खोकल्याचं औषध टाकलं. आत्याबाईंची बीपीची गोळी. ह्यांना विचारलं. "मला काय धाड भरलीय?" म्हणे.

११ फेब्रुवारी

तालीम घेतली. शिट्टी वाजवली की सगळ्यांनी मैदानातल्या पाण्याच्या टाकीपाशी. नीरज मोजे शोधत बसला. आत्याबाई आल्याच नाहीत, "भाजी करपंल" म्हणे. शेजारच्या क्वार्टरातल्या बाई मात्र आपल्या दोन्ही पोरांसकट धावत टाकीपाशी आल्या!

४ मार्च, रविवार

पेटी उघडण्याचा दिवस. शेंगदाण्यांना वास लागलेला, काढले. आत्याबाईंच्या पुरचुंडीत औषधं तपासली तर बीपीच्या स्ट्रिपखाली दुसरीच एक स्ट्रिप. पांढऱ्या गोळ्या. नाव माझ्या ओळखीचं नाही. तारीख एप्रिलची, म्हणजे बदलायला हवी. रेल्वेच्या दवाखान्यातून महिन्याचं मोजून देतात, पेटीसाठी जास्तीचं कोण देणार. बाहेरून आणते.

६ मार्च

स्टेशनसमोरच्या केमिस्टला स्ट्रिप दाखवली. सासूबाईंची आहे, तीन द्या म्हटलं. त्याने चष्म्यावरून पाहिलं. "माताजी को दौरे पड़ते हैं क्या?"

मला कळेना. मग त्याने सांगितलं. मिर्गीची गोळी. फेफऱ्याची. बंद करायची नसते, एक दिवसही चुकवायची नसते.

येताना रिक्षात रडू आलं. एकाच घरात राहून ह्या बाईने एवढं लपवलं! घरी येऊन समोर बसले आणि विचारलं. आत्याबाई गहू निवडत होत्या. हात थांबला.  मग म्हणाल्या, "व्हय. हाय मला."

"कधीपासून?"

"लई दिस झाले."

हे जेवत होते. मान वर केली नाही. भाकरीचा तुकडा आमटीत तसाच धरून ठेवलेला. त्यांना माहीत होतं तर! "मला का नाही सांगितलं?" म्हटलं. "आईला आवडणार नाही म्हणून," म्हणाले.

नीरज ताट सोडून उठला. पेपर जवळ आलेत, म्हटलं ताण असेल.

८ मार्च

दवाखान्यातल्या नर्सबाईंना विचारून आले. फिट आली तर माणसाला कुशीवर वळवायचं. तोंडात काही घालायचं नाही. चप्पल, कांदा हुंगवायचा नाही. घड्याळ बघायचं. सगळं मोठ्या अक्षरात लिहून पेटीच्या झाकणाला लावलं.

हे ड्यूटीवरून आले, उभ्या उभ्या ते वाचलं. परत वाचलं. "चांगलं केलंस," म्हणाले. "नीरजलाही नीट दाखवून ठेव." आईची किती काळजी ह्या माणसाला! असं वाटलं मला. लिहून ठेवते, असंच वाटलं होतं.

१ एप्रिल

पेटी ठीक. गोळ्यांच्या तिन्ही स्ट्रिपा भरलेल्या. आत्याबाईंना हल्ली मी मोरीत एकटं जाऊ देत नाही, कडी लावू देत नाही. चिडतात. "मेल्यावर बी दाराशी हुबी ऱ्हाशील!"

२२ एप्रिल

आत्याबाई आज उदगीरला गेल्या. आखातीजला नणंदेच्या मुलीचं लग्न, तिकडेच महिनाभर राहतील. कॉलनीतले शेषराव गावी निघाले होते, त्यांची सोबत मिळाली. ह्यांना सुट्टी नाही.

आत्याबाईंच्या औषधांच्या डब्यातल्या फेफऱ्याच्या होत्या नव्हत्या तेवढ्या स्ट्रिपा त्यांच्या पिशवीत घातल्या. "एवढ्या कशाला? थोड्या इथे राहू दे," हे म्हणाले. म्हटलं, अहो, एक दिवस चुकली तर? प्रवासात फिट आली तर? शेषराव काय करणार?  आत्याबाई पिशवीकडे बघत होत्या, मग ह्यांच्याकडे. मला वाटलं निघताना जीव कासावीस झालाय.

६ मे, रविवार

मे महिन्याचं ऊन काय असतं ते मेणबत्त्यांना विचारा. सगळ्या वितळून एकमेकींच्या गळ्यात पडलेल्या. पुढल्या वर्षी मेणबत्त्या नकोत, कंदीलच.

हे लिहून अर्धा तास झाला. पुढचं लिहायला हात वळत नाही.

पेटीतली एक स्ट्रिप गायब. दुसरीतल्या चार जागा फुटलेल्या. चौदा गोळ्या गेल्या. ज्या बाईच्या गोळ्या, ती उदगीरला. पेटीला हात लावणारे घरात तिघं. मी, नीरज, आणि हे. आत्याबाई गेल्याला चौदा दिवस.

आधी नीरजला विचारलं. देवा, मला वाटलं पोर नशा-बिशा करतंय! चांगला दरडावला. तो पांढराफटक पडला. "मम्मी, मी नाही घेतल्या. कसम से." मग रडायलाच लागला. सोळा वर्षांचा मुलगा, मिसरूड फुटलेला, ओक्साबोक्शी.

"पप्पांनी सांगितलं होतं, तुला नाही सांगायचं."

नव्याण्णवच्या दिवाळीआधी मी गावी गेले होते, दादांच्या जमिनीच्या सह्यांसाठी. तेव्हा हे मोरीत पडले होते. तोंडाला फेस. नीरजने पाहिलं, चौदा वर्षांचा होता. आजी ओरडत आली, कांदा फोडला. नंतर ह्यांनी पोराच्या हातावर हात ठेवून त्याला शपथ घातली. दीड वर्षं त्याने ती पाळली. रोज माझ्यासमोर जेवला, माझ्याशी बोलला.

हे ड्यूटीवर आहेत. काल संध्याकाळी मालगाडी घेऊन बांदीकुईला गेले.

मालगाडी घेऊन गेले.

७ मे

सकाळी आले. मी पेटी खोलीच्या मधोमध उघडी ठेवली होती. स्ट्रिप झाकणावर. बघितलं, आणि खांद्यावरची पिशवीसुद्धा न उतरवता खाली बसले.

"किती वेळा?" मी विचारलं.

"तीनदा. घरातच. इंजिनावर कधीच नाही."

"आजपर्यंत."

"गोळी चालू आहे. अलवरच्या डॉक्टरचं बाहेरचं औषध. दीड वर्षात एकदाही नाही. आईच्या डब्यात असायच्या, तू सगळ्या पिशवीत भरल्यास! ड्यूटीवरून ड्यूटी, आणायला वेळ मिळाला नाही, म्हणून पेटीतल्या घेतल्या. परत ठेवणार होतो."

परत ठेवणार होते! जणू वाटीभर साखर नेली होती शेजाऱ्याने!

आणि पेटीत त्या आल्या कशा? आत्याबाईंनी ठेवल्या. मी घसा फोडून सांगत होते ना, घरी येता आलं नाही तर, दुकानं पडली तर. सगळे हसले, त्या एकट्या मनातून घाबरल्या. लेकाच्या गोळ्या स्वतःच्या गोळ्यांत सरकवून ठेवल्या. लिहिता-वाचता येत नाही बाईला, तारीख बघेन हे कुठून सुचणार. माझ्या पेटीवर ह्या घरात एकाच माणसाचा खरा विश्वास होता, आणि तिनेच मला फसवलं.

"मला का सांगितलं नाही?" तीनदा विचारलं तेव्हा उत्तर आलं.

"तुला सांगितलं असतं तर तू मैदानात जाऊन शिट्टी वाजवली असतीस."

९ मे

ह्यांच्या गाडीवरचा असिस्टंट, द्वारका मीणा, आज घरी आला. ह्यांनीच पाठवला असणार. चहा घेतला नाही. "भाभीजी, आप टेंशन मत लो. मैं रहता हूँ ना साथ में. ब्रेक मेरे सामने भी है।"

म्हणजे ह्यालाही माहीत!

"और आप इंजन के पीछे वाले गेज देखने गए हों तब?" मी विचारलं. सतरा वर्षं ड्रायव्हरची बायको आहे, मलाही थोडं कळतं. तो चपलेकडे बघत राहिला.

आई, मुलगा, असिस्टंट. सगळ्यांना सांगण्यासारखं होतं. बायकोला नाही. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. इथे तर तिघांनी मिळून केस धरला, आणि मी त्या बाईसाठी मोरीच्या दाराशी उभी राहत होते! सगळ्यांच्या मनात काय हसू येत असेल! नाही, हसत नसतील. ते जास्त वाईट.

आजपासून "हे" लिहिणार नाही. बळवंत. कागदावर तरी.

१० मे

बळवंत समजावतो. डॉक्टरांना कळलं की डिकॅट करतील. इंजिनावरून उतरवून कुठेतरी खुर्चीत बसवतील. "स्टोअरमध्ये नट-बोल्ट वाटू? असिस्टंटपासून चढत इथवर आलो, शालू. खाली उतरलो की मी कोण?" मायलेज, म्हणजे गाडी चालवण्याचा भत्ता, जाईल, मानसरोवरमध्ये घ्यायचं ठरवलेलं घर राहून जाईल, ते तो बोललाही नाही. इंजिनाचंच बोलला. आवाज फाटला होता. मला दया आली. दया आली ह्याचाच राग आला.

मी म्हटलं, बस्सीच्या फाटकावर सकाळी शाळेची पोरं उभी असतात, तू स्वतःच मला सांगतोस, हात हलवतात म्हणून. तो म्हणाला, "अपशकुनी बोलू नकोस."

१२ मे

ठरलं. नीरजचा निकाल लागला की बळवंत स्वतः जाऊन डॉक्टरांना सांगणार. जूनमध्ये. तोवर मी गप्प. नीरजच्या डोक्यावर हात ठेवून बोलला. त्या पोराच्या डोक्यावर आता शपथांना जागा उरली नाही.

मी तरी अर्ज लिहून ठेवला. हिंदीत, रेल्वेच्या डॉक्टरांच्या नावाने. नाव, गाडी, गोळ्या, तारखा, सगळं. प्लॅस्टिकच्या पिशवीत, रेशनकार्डाच्या झेरॉक्सच्या मागे. सोमवारी नेऊन देते. निकालाची वाट कशाला बघायची.

१४ मे, सोमवार

दिला नाही. आंधी आली होती, धूळच धूळ, बाहेर पडणं शक्य नव्हतं.

१६ मे

आंधी नव्हती. दिला नाही.

१९ मे

दवाखान्याच्या फाटकापर्यंत गेले. मनात आलं, आत पाऊल टाकलं की परत येईन ती कोणाच्या घरात? माहेर तर जमिनीत गेलं. परत फिरले. येताना कोथिंबीर घेतली. कोथिंबीर!

२१ मे

दुपारी ड्यूटीचा कॉल आला. मी डबा भरून दिला. पोळ्या, बटाटे, लोणचं. गोळी कागदात बांधून डब्याच्या झाकणात ठेवली.

 फोन वाजला की आधी घड्याळ बघते. किल्लारीत वर्षभर आधीपासून हादरे बसत होते. सगळ्यांना माहीत होतं. येणारे-जाणारे सांगून गेले, काही होत नाही. मी त्यांना आठ वर्षं शिव्या दिल्या. आज मी कोण आहे?

२७ मे

आत्याबाई आल्या. लाडू, पापड, नणंदेने दिलेली साडी. मी साडी घेतली नाही. "तुमच्या गोळ्या संपल्या असतील ना?" म्हटलं. समजल्या. पिशवीतून त्या सगळ्या स्ट्रिपा काढून माझ्यासमोर ठेवल्या, एकही फोडलेली नाही.

"लेकराची भाकर गेली असती," म्हणाल्या.

मग मी बोलले. कधी कोणाला सांगितलं नव्हतं ते. भूकंपाच्या वर्षी गणपतीला मी माहेरी होते, नीरज आठ वर्षांचा. विसर्जन करून सगळे दमले होते. मला आत झोपवेना, मी पोराला घेऊन अंगणात बाज टाकली. दादांना म्हटलं, तुम्हीही बाहेर या. ते म्हणाले, "पोरी, वरीस झालं हलतंय, काय झालं?" मी एकदाच म्हटलं, आत्याबाई. दुसऱ्यांदा म्हटलं नाही. दमले होते, वाद नको वाटला. पहाटे चारच्या आत घर खाली आलं. दुसऱ्यांदा म्हटलं असतं तर कदाचित उठले असते. कमल तर नक्की उठली असती, ती माझं ऐकायची. पेटी त्या दुसऱ्यांदा न म्हटल्याची आहे, भूकंपाची नाही.

 आत्याबाई पापडांचा डबा मांडीवर घेऊन तशाच बसून राहिल्या. दगडाला सांगितलं असतं तर बरं.

१ जून, शुक्रवार

आत्याबाई बीपीच्या गोळ्या आणायला दवाखान्यात गेल्या. दर महिन्याला मी सोबत जाते. आज नको म्हणाल्या, सायकलरिक्षा करून एकट्याच गेल्या. राग आहे माझ्यावर. असू दे.

३ जून, रविवार

पेटी उघडली नाही. पहिल्यांदाच.

५ जून

बळवंत दुपारीच घरी आला. स्पेशल मेडिकलची, म्हणजे खास डॉक्टरी तपासणीला बोलावल्याची, चिठ्ठी हातात. निकाल लागायच्या आधी, त्याच्या कबुलीच्या आधी. ड्यूटीवरून तिथल्या तिथे उतरवलं, गाडी दुसऱ्याच्या हातात दिली, सगळ्यांसमोर.

"केलंस ना शेवटी?"

मी नाही म्हटलं. खरंच नाही! त्याने सरळ लाईन पेटी उघडली, प्लॅस्टिकची पिशवी ओढली आणि माझा अर्ज बाहेर काढला. वस्तू जिथली तिथे. डोळे मिटून हात घातला तरी सापडली.

"हे काय आहे मग?"

"हा दिलेला नाही. दिला असता तर इथे असता का?"

"ही कच्ची प्रत असेल."

 नीरज दारात उभा. त्याला म्हटलं, तू तरी सांग. "मम्मी, मतलब... तूच म्हणायचीस ना, सांगायला पाहिजे." आत्याबाई देवापुढे बसलेल्या. वळून पाहिलं नाही.

८ जून

द्वारकाला विचारलं, तू सांगितलंस? आईची शपथ घेऊन नाही म्हणाला. खोटं बोलत असणार. दुसरं कोण! स्वतःची कातडी वाचवली आणि नाव माझ्यावर.

११ जून

डिकॅट झाला. शेडच्या स्टोअरमध्ये. पगार फारसा जाणार नाही, मायलेज जाईल. नोकरी राहिली. माणसं राहिली, बस्सीची पोरं राहिली. रात्री मी सरळ झोपले. पाच आठवड्यांत पहिल्यांदा. हे लिहायची लाज वाटत नाही.

पण बळवंत माझ्या हातचं खात नाही. आज ताट वाढलं तर उचलून बाहेर गायीला घातलं. कॉलनीत सांगतो, घरातच वैरी निघाला. शेजारच्या बाई, टाकीपाशी धावत आलेल्या, मला बघून दार लोटतात. जे मी करायला हवं होतं आणि केलं नाही, त्याची शिक्षा भोगतेय. केलं असतं तर निदान ताठ मानेने भोगली असती.

१३ जून

नीरज पास. फर्स्ट क्लास. पेढे बळवंतने वाटले. मला दिला नाही, नीरजने आणून दिला.

१७ जून

दुपारी भेंडी चिरत होतो दोघी. आत्याबाई मान खाली घालूनच म्हणाल्या, "म्या सांगितलं डाक्टरनीला. गोळ्या दावल्या आन् म्हनलं, ह्या माज्या न्हाईत, लेकाच्या हायत. इंजिन चालवतुय त्यो."

मला कळायलाच वेळ लागला. मग ओरडले, त्यांना सांगा ना! तुमचा मुलगा माझ्या हातचं पाणी घेत नाही!

"तुज्यावर रागावला तर साल-सा म्हैन्यानं बोलंल. नवरा-बायकूचं असंच असतंय. माज्यावर रागावला तर मला दुसरं कोन हाय?"

तेवढ्यात सायकल लागल्याचा आवाज आला. आत्याबाईंनी माझं मनगट धरलं, ओल्या, बुळबुळीत हाताने, घट्ट. बळवंत आत आला, माझ्यावरून नजर काढून म्हणाला, "आई, तू वाढ."

मी काही बोलले नाही.